स्विफ्टची 'ऑटोमॅटिक' घेण्याआधी

तुम्ही पहिलीच गाडी घेताय, म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. भारतात नव्या स्विफ्टला दोनच गिअरबॉक्स मिळतात: पाच गिअरचा मॅन्युअल आणि पाच गिअरचा एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन), म्हणजेच स्विफ्टची 'ऑटोमॅटिक'. मारुती त्याला एजीएस (ऑटो गिअर शिफ्ट) म्हणते. २०२४ च्या मॉडेलमध्येही हेच दोन आहेत.

एएमटी म्हणजे वेगळा गिअरबॉक्स नव्हे. मूळ मॅन्युअलच असतो, क्लचही असतो; फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं हे काम तुमच्या पायाहाताऐवजी यंत्रणा करते. म्हणून गिअर बदलताना गाडी क्षणभर अडखळल्यासारखी वाटते. तो बिघाड नाही. गिअर पडायच्या वेळी ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडा, धक्का बराच कमी होतो. ही सवय आठवड्याभरात लागते.

चढावर मात्र काळजी घ्या. ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवू नका, क्लच घासतो आणि तापतो. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. घाटात आणि ओव्हरटेक करताना एम (मॅन्युअल) मोडमध्ये स्वतः गिअर टाका.

सीव्हीटी हा ऑटोमॅटिकचा दुसरा प्रकार; त्यात पट्टा आणि पुली असल्यामुळे गिअरचे टप्पेच नसतात. तितक्या गुळगुळीतपणाची अपेक्षा एएमटीकडून ठेवू नका. रोज सिग्नल आणि गर्दीतून जायचं असेल तर मी एएमटीच घ्या म्हणेन, डावा पाय वाचतो. पण टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रस्त्यावर नको, चढ आणि ट्रॅफिक असलेल्या रस्त्यावरच मागा.