लेडी म्हणजे कणीक मळणारी?

'लेडी म्हणजे मुळात पीठ मळणारी, हे खरं का? आणि वुमनपेक्षा लेडी म्हटलेलं सभ्य का वाटतं?' असं तुम्ही विचारलंय. पहिलं खरं आहे.

जुन्या इंग्रजीत 'ह्लॅफ्दिये' असा शब्द होता. त्यातला 'ह्लाफ' म्हणजे पाव, आजचा 'लोफ'. 'दिये'चं नातं मळण्याशी; मळलेल्या गोळ्याला इंग्रजीत 'डो' म्हणतात, तोही त्याच कुळातला. हा शब्द झिजत झिजत 'लेडी' झाला. 'लॉर्ड'ही तसाच: 'ह्लाफ' आणि 'वेअर्ड', म्हणजे पावाचा राखणदार. आणि त्यांच्या आश्रिताला म्हणत 'ह्लाफएटा', पाव खाणारा! मळणारी, राखणारा नि खाणारा, सगळं घर एका पावाभोवती. अर्थात पिठाने माखलेले हात डोळ्यांपुढे आणू नका. जुन्या लिखाणातसुद्धा लेडी म्हणजे घरची मालकीणच, मळायला नोकरचाकर.

पुढे तो किताब झाला. 'सर'ची बायको लेडी. 1842 साली जमशेटजी जीजीभॉय 'सर' झाले नि अवाबाई लेडी जमशेटजी. माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता त्यांनीच दीड लाखाहून जास्त रुपये देऊन बांधवला, 1845 मध्ये तो खुला झाला. माहीमचा लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा.

सभ्यपणाचं म्हणाल तर वरच्या घरातला शब्द हळूहळू सगळ्यांना लागू झाला, म्हणून त्याला अजून मानाचा वास आहे. 'द लेडी अ‍ॅट द काउंटर' बरं वाटतं. पण अनोळखी बाईला तोंडावर नुसतं 'लेडी' म्हणून हाक मारलीत तर ते चक्क उर्मट. तिथे 'मॅडम'च. आई मुलीला 'यंग लेडी' म्हणाली की समजावं, आता बोलणी बसणार. लिहिताना मात्र हल्ली साधं 'वुमन'च बरं. 'लेडी डॉक्टर' मला तरी जुनाट वाटतं.

आपण तर या शब्दाचं व्याकरणच बदलून टाकलंय. एकच बाई असली तरी 'लेडीज'. परवा एसटीत मी चढले, तर कंडक्टर खिडकीजवळच्या पोराला म्हणाला, "ऊठ रे, लेडीज उभी आहे."