रेघ आणि रंग : ‘गिऱ्हाईक फोटो दाखवतं, मग त्यात माझं काय?’

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीत घरीच ब्लाऊज शिवते. कटोरी, प्रिन्सेस कट, पायपिंग, सगळं येतं आणि बायका फिटिंगचं कौतुकही करतात. पण जी येते ती मोबाईल पुढे करते आणि ‘अस्संच पाहिजे’ म्हणते. तोच मागचा गळा, तीच लटकनं, तोच आरी वर्कचा मोर. काहीतरी वेगळं सुचेल म्हणून रात्री मीही तेच फोटो बघत बसते, पण सुचत काहीच नाही. स्वतःचं डिझाइन लोक आणतात तरी कुठून?

उत्तर : तुम्ही रात्री ब्लाऊजचेच फोटो बघता, अडचण तिथेच आहे. ब्लाऊज बघून ब्लाऊज सुचवायला गेलं की हाताला तोच गळा येतो, फार तर दोन लटकनांची चार होतात. वस्त्रकलेच्या मुलींना मी चित्रकला शिकवायचे, तेव्हा पहिल्या सत्रात फॅशनची मासिकं वर्गात आणायला माझी मनाई असे. शिवणारीनं चित्रं बघावीत, चित्र काढणाऱ्यानं कापड उलटून त्याची मागची बाजू बघावी आणि फोटो काढणाऱ्यानं दोन्ही करावं. उसनं आणायचं ते शेजारच्या घरातून; आपल्याच डब्यात पुन्हा पुन्हा हात घालून काय मिळणार?

याचं मोठं उदाहरण तुमच्या अगदी जवळ आहे. भानू अथैया कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये, जन्म १९२९चा. वडील अण्णासाहेब चित्रं काढत आणि फोटोही. भानूताई मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली होती, आणि पोटापाण्यासाठी त्या स्त्रियांच्या मासिकांत फॅशनची रेखाटनं करत. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी मात्र मुलींना १९६६च्या ‘आम्रपाली’तले कपडे बघायला लावायचे.

वैजयंतीमालेच्या त्या वेशभूषेसाठी भानूताईंनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली. आता बघा, आम्रपालीची गोष्ट अजातशत्रूच्या काळातली, म्हणजे इसवी सनापूर्वीची. अजिंठ्यातली गाजलेली बहुतेक चित्रं इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. मध्ये जवळपास हजार वर्षं गेली. तरी ते कपडे खोटे वाटत नाहीत, कारण भिंतीवरून त्यांनी जे उचललं ते माझ्या मते वेगळंच होतं : कमरेवर कापड कुठे थांबतं, गाठ कुठे येते, घडी चालताना कशी उघडते, आणि दागिनाच कापडाचं काम कधी करतो. ही समज चित्रातून मिळाली, आणि ती शिवणीत उतरवायला त्यांच्यापाशी हात होता. शिवणीचा हात तुमच्यापाशीही आहे.

दुसरं उदाहरण ‘ब्रह्मचारी’तलं, १९६८चं. मुमताजची ती केशरी साडी आठवा. नाचताना साडी सुटणार, मग ती अंगाबरोबर बसवून शिवली आणि तिला चेन लावली. कल्पना बऱ्याचदा अशीच अडचणीतून येते. तुमच्या गिऱ्हाइकांच्या अडचणी तुम्हाला जितक्या माहीत आहेत तितक्या त्या फोटो टाकणाऱ्यांना नाहीत. कुणाला दंडावर शिवण काचते, कुणाला लहान बाळाला पाजायचं असतं, कुणी दिवसभर शाळेत फळ्यावर हात वर करून लिहिते. बाहीचा कट तिथून सुरू करून बघा.

आणि गळा दागिन्यावरून काढा. कधी कोल्हापूरला गुजरीत, सराफांच्या पेठेत, गेलात तर साज निरखून बघा. त्याच्या पानांत मासा आहे, कासव आहे, दशावतारातली रूपं आहेत. साज गळ्यावर कुठे टेकतो आणि ठुशी कुठे, हे कागदावर काढा. ठुशी गळ्याला बिलगते, साज खाली उतरतो, म्हणून एकच गळा दोघींना शोभत नाही. ‘ताई, यावर कोणता दागिना घालणार?’ एवढं विचारलंत तरी मोबाईल थोडा बाजूला ठेवला जाईल. विचारून झालं की तिच्यासमोरच पेन्सिलनं गळा काढून दाखवा. बायकांना आपल्यासाठी काढलेलं चित्र फार आवडतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

गिऱ्हाइकाचं काम मात्र सांगितलं तसंच करून द्या, तो तुमचा शब्द आहे. महिन्यातून एखादा ब्लाऊज तुमच्या मनाचा, खणाच्या तुकड्यातला, बायका बसतात तिथे टांगून ठेवा. त्यावर किंमत लिहू नका, कुणीतरी आपण होऊन विचारू दे.

प्रश्न : मी नाशिकला बारावीत आहे. मला फोटोग्राफर व्हायचंय, पण माझ्याकडे फक्त फोन आहे. मित्र म्हणतात, कॅमेऱ्याशिवाय काही होत नाही. शिवाय इथं गोदाघाट सोडला तर काढण्यासारखं काय आहे? घाटाचे फोटो तर सगळेच काढतात.

उत्तर : फोन पुरेसा आहे. कॅमेरा मिळेल तेव्हा घे, तोवर थांबू नकोस.

होमाई व्यारावाला हे नाव ऐकलंयस का? नवसारीत १९१३ साली जन्मल्या, त्याही जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. पुढे दिल्लीत राहून त्यांनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या घटना टिपल्या, २०११ साली पद्मविभूषण जाहीर झालं. पण तू त्यांचे आधीचे, मुंबईतले फोटो शोध. त्यांत कॉलेजच्या मैत्रिणी आहेत, रेहाना मोगल नावाच्या वर्गमैत्रिणीचे काही फोटो तर अप्रतिम आहेत. समोर नेहरू नव्हते की माउंटबॅटन. एक ओळखीची मुलगी होती, तिचे कपडे, तिची बसण्याची ढब आणि कुठून तरी येणारा उजेड. तुझ्या वर्गातही असे चेहरे आहेत. त्यांची परवानगी घे आणि सुरुवात कर.

होमाईबाई रोलीफ्लेक्स वापरत. तो कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघायचा, चौकट चौरस, आणि एका रिळात फोटो फक्त १२. तुझ्या फोनमध्येही चौरस चौकट असते. ती लाव, फोन छातीच्या खाली धर, झूमला हात लावायचा नाही, आणि एका दुपारी १२ च्या वर एकही फोटो नाही. पुसून परत काढायचा नाही. फोटो संपत आले की माणूस आपोआप थांबून बघायला लागतो.

आता नाशिकमध्ये काय आहे, याविषयी. येवला तुझ्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर आहे. तिथं घराघरांत हातमागावर पैठणी विणतात. पदरावरचा मोर नुसता दिसायला सुंदर म्हणून बघू नकोस, जवळ जाऊन त्याची मान बघ. तो बाक गुळगुळीत नसतो, बारीक पायऱ्यांनी चढतो. कारण तो रंगवलेला नाही. ताण्याच्या उभ्या धाग्यांतून लहान लहान कांड्यांनी बाण्याचा आडवा धागा, जिथे रंग हवा तिथेच फिरवून, तो विणलेला असतो. एका रंगाचा धागा दुसऱ्यात अडकवून मागे वळतो, म्हणून उलट बाजूही सुलटीसारखी दिसते. माग आडवा-उभाच चालतो, त्यामुळे मोराला तसं व्हावं लागलं, आणि त्यातूनच पैठणीचा मोर दुसऱ्या कुठल्याच मोरासारखा राहिला नाही. तुझ्या फोनच्या मर्यादेचंही असंच काहीतरी कर. आधी विणकराला विचार, त्यांचं काम अडवू नकोस, आणि काढलेल्यातला एक तरी फोटो छापून त्यांना नेऊन दे. बरेच जण फोटो काढून जातात, परत कुणी येत नाही.

घाटावरही जा. फक्त मंदिरांकडे पाठ कर आणि वाळत घातलेली लुगडी बघ.

प्रश्न : मी पुण्यात राहतो, बँकेतून निवृत्त झालो. आता जलरंग शिकतोय. नामवंतांची चित्रं समोर ठेवून तशीच काढतो. मुलगी म्हणते, ‘बाबा, ही नक्कल आहे, यात तुमचं काय?’ नक्कल करणं चूक आहे का?

उत्तर : नाही. खाली सही करताना मूळ चित्रकाराचं नाव लिहा आणि निर्धास्त काढत राहा.

जे. जे.चे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भिंतीवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेत. पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार त्या कामात तयार झाला. १८८५ साली लंडनच्या आगीत त्यांतल्या पुष्कळ प्रतिकृती जळाल्या. ते वाचलं की अजून पोटात कालवतं. पण त्या मुलांच्या मनगटात जे आलं ते जळालं नाही.

तरी तुमच्या मुलीचा प्रश्न खराच आहे, त्याला उत्तर हवं. होमाईबाईंच्याच वर्षी, १९१३ साली जन्मलेल्या अमृता शेर-गिल १९३६च्या अखेरीस अजिंठा-वेरूळ बघून दक्षिणेकडे गेल्या. त्या पॅरिसला शिकलेल्या, तैलरंगांवर त्यांची हुकूमत होती. १९३७ मध्ये त्यांनी ‘ब्रह्मचारी’ आणि ‘वधूचा शृंगार’ ही चित्रं केली. त्यांत अजिंठ्यातली एकही आकृती जशीच्या तशी नाही. पण माणसांची ती शांत, सपाट मांडणी आणि तांबूस मातीचा रंग कुठून आला ते लगेच कळतं. प्रतिकृतीनंतरची पायरी ती.

तुम्ही असं करा. पुढच्या चित्रासाठी पेटीतले सगळे रंग बाजूला ठेवून अजिंठ्याच्या चित्रकारांपाशी होते तेवढेच घ्या : गेरू, पिवळी माती, पांढरा, काजळीचा काळा, मातकट हिरवा आणि लाजवर्दी निळा थोडासा. विषय तुमच्या घरातला. खिडकी असेल, बँकेची जुनी पिशवी असेल. तुमच्या गावात केळकर संग्रहालय आहे, तिथले अडकित्ते बघा. सुपारी कातरण्याच्या एवढ्याशा वस्तूला लोकांनी किती आकार दिले आहेत! ते पेन्सिलनं काढा, आणि मुलीलाही बरोबर न्या.

अजिंठ्यालाही जाऊन या. सोमवारी लेणी बंद असतात. आत फ्लॅश वापरायला मनाई आहे, म्हणून वही न्याच. उजेड कमी असतो, डोळे सरावेपर्यंत थांबा. १७व्या लेण्यातली आरशात बघणारी राजकन्या सगळेच दाखवतील, ती बघाच. पण दुसऱ्या लेण्यातली हंसांची रांगही शोधा, आणि प्रत्येक हंसाची मान वेगवेगळी काढायला पुरेसा वेळ ठेवा.