शिल्पकलेचे प्रश्न: माती सरकते, प्लॅस्टर गोठत नाही

प्रश्न: कोल्हापुरात शिल्पकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. लाइफ साइज डोकं करताना दोन-तीन दिवसांत हनुवटी खाली सरकते आणि मानेला तडे जातात. शाडू वापरतो. माती बदलू का?

माती बदलाच, पण त्याआधी आर्मेचर, म्हणजे मातीच्या आतला आधाराचा सांगाडा, तपासा. सरकणं हा आर्मेचरचा दोष आहे, तडे हा पाण्याचा.

पाट १८ इंच चौरस, १८ मिमी प्लायचा घ्या. खालून दोन लाकडी पट्ट्या ठोका, म्हणजे ओलीनं पाट वाकणार नाही आणि उचलताना बोटंही आत जातील. मधोमध फ्लँज (पाइप धरणारी लोखंडी चकती) बसवून पाऊण इंची जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) उभा करा. हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण ९ इंच धरले, तर पाइपाचं टोक टाळूच्या किमान दोन इंच खाली राहिलं पाहिजे. नाहीतर ऐन शेवटी कवटीतून लोखंड डोकावतं. वर अॅल्युमिनियमच्या जाड तारेचे दोन फासे डोक्याच्या आकाराचे बांधा.

बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात आणि हनुवटी घसरते. गुळगुळीत पाइपावर ओली माती स्वतःच्या वजनानं खाली येणारच. दोन-दोन इंचांच्या लाकडी काड्या फुलीसारख्या बांधून तारेनं फाशांना लटकवा. एक फुली हनुवटीच्या आत, एक कपाळामागे, एक मागच्या बाजूला. मातीचा भार त्या झेलतात. लोखंडाला आधी ऑइल पेंटचा हात द्या. गंज मातीत उतरला की पुढे प्लॅस्टरवरही डाग येतात.

आता मातीकडे. बापट कॅम्प किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीसाठी शाडू चालतो, कारण तो साच्यात दाबून काढतात. पण आर्मेचरवर दोन-तीन आठवडे चालणाऱ्या कामाला त्याचा चिवटपणा कमी पडतो. कुंभाराकडची भिजवून, गाळून मळलेली माती १५ ते २० किलो आणा. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. चिरली तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त.

माती सुकताना आकसते, पाइप आकसत नाही. मानेवर थर पातळ असतो, म्हणून पहिला तडा तिथेच. काम थांबवताना ओलं सुती कापड आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळा, पण नाकाच्या आसपास काड्या खोचून कापड वर उचलून धरा. एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा फवारा लागेल. जुलैत तितकंच पाणी मारलं तर चेहरा बसेल.

प्रश्न: वेस्ट मोल्ड (शिल्प काढताना फोडून टाकायचा प्लॅस्टरचा साचा) करताना प्लॅस्टर नीट गोठलंच नाही. पोतं गेल्या वर्षीचं होतं.

तेच कारण. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी काढलेलं जिप्सम. ते पाणी परत घेऊन दगड होतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडं पोतं ती ओल हवेतूनच घेतं. हातात गाठी लागल्या तर ते पोतं साच्याला वापरू नका.

एक लिटर पाण्याला साधारण दीड किलो प्लॅस्टर. पाण्यात प्लॅस्टर चाळत सोडा. प्लॅस्टरवर पाणी कधीच ओतू नका. पृष्ठभागावर कोरडी बेटं दिसू लागली की थांबा, मिनिटभर भिजू द्या, मग हात बुडवून तळापासून हलवा. फार घोटलं तर लवकर गोठतं. घमेल्यात जुन्या प्लॅस्टरचे तुकडे असले तरी तेच होतं, म्हणून दर वेळी घमेलं घासून घ्या.

कानामागून पत्र्याच्या पट्ट्या खोचून साचा दोन भागांत विभागा. पहिला थर पाण्यात नीळ घालून, पाच-सहा मिमी. तो फटकारत लावा, म्हणजे नाकपुड्या आणि पापण्यांत हवा अडकत नाही. वर पांढरा थर, काथ्या घालून, दोन सेंटिमीटर. पुढे साचा फोडताना निळा रंग दिसला की छिन्नी बोथट घ्या आणि हात हलका करा, खाली तुमचं शिल्प आहे. साच्यातली माती काढून आत शिल्पाचं प्लॅस्टर ओतण्याआधी साच्याला साबणाचं पाणी तीनदा लावून फेस पुसून घ्या. हे वगळलं तर साचा आणि शिल्प एकजीव होतात.

गोठताना प्लॅस्टर तापतं. मित्राचा हात साचा म्हणून त्यात बुडवून ठेवण्याचा खेळ कधीही करू नका, गंभीर भाजतं.

प्रश्न: फायबरचं (काचतंतू आणि रेझिनचं) काम चिकट राहतं. रेझिन घट्ट करणारं हार्डनर वाढवू?

नको. बहुतेक वेळा साचा ओला असतो. तो वाऱ्यावर पूर्ण वाळवा. शेगडीवर भाजू नका, प्लॅस्टर पुन्हा पाणी सोडून भुसभुशीत होतं. मग काम साच्यातून सुटावं म्हणून वॅक्स आणि पीव्हीएचा पातळ थर लावा.

रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (गोठण्याचा वेग वाढवणारं द्रावण) घालून पूर्ण मिसळा, त्यानंतरच हार्डनर, वजनाच्या एक ते दोन टक्के. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा आणि दोघांसाठी एकच मापाचं भांडं वापरू नका.