मुळाच्या लाकडाची मूठ का तडकते?

प्रश्न : बांधावरची जुनी बाभूळ ऑगस्टच्या पावसात उन्मळून पडली. तिच्या मुळाची मूठ लगेच सुरीला बसवली. मार्चमध्ये ती खिळ्यापाशी तडकली, पात्यालगत काळे डागही पडले. लाकूडच खराब होतं का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : लाकूड उत्तम आहे, फक्त ओलं होतं. मुळाचे धागे पिळलेले असतात, त्यामुळे ते वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. पावसाळ्यात बसवलेली मूठ आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते, पातं आकसत नाही. सगळा ताण खिळ्याच्या भोकावर येतो. काळा डाग बाभळीतल्या टॅनिनचा, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्याचा. ओल मिळाली की ते लोखंडाशी मिळून निळसर काळं होतं.

उरलेली मुळं टाकू नका. खोड जिथे मुळांत फाटतं, तिथला फुगीर भाग घ्या. खरी नक्षी तिथेच असते. आधी तारेच्या ब्रशने खसखसून धुवा. खाचेत अडकलेला एक खडा करवतीचे दात घालवतो. मग 20 मिमी जाडीचे तुकडे कापा, टोकांना लगेच मेण किंवा फेविकॉल लावा आणि मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत रचा. उन्हात ठेवलंत तर आठवड्यात चिरा पडतील. एवढ्या जाडीला आठ-दहा महिने धरा. दर पंधरवड्याला वजन करा. ओळीने तीनदा तेच भरलं की वाळलं. ही परीक्षा पावसाळ्यात करू नका, तेव्हा हवाच दमट असते. बाहेरचं फिकट लाकूड तासून टाका, भुंगा आधी तिथे लागतो.

बसवताना पात्याच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी फळ्या 10-10 मिमीच्या ठेवा. चिकटवायची बाजू 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून अ‍ॅराल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद) लावा, शिकंजा बेताचाच आवळा (फार आवळला तर गोंद बाहेर पडतो) आणि 24 तास हलवू नका. खिळे पितळी, भोक केसभर सैल, टोकापासून किमान 12 मिमी आत. जवसाचं तेल शेवटी. आधी लावलं तर गोंद धरत नाही. तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतं.

प्रश्न : बाग मोडल्यावर निघालेले द्राक्षवेलीचे बुंधे चालतील का?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : दिसायला देखणे, पण लाकूड सच्छिद्र. नुसतं तेल पुरत नाही, पाणी मुरतं. पातळ इपॉक्सी मुरवून छोट्या सुरीला वापरा. कण्हेरीचं मूळ मात्र स्वयंपाकघरातल्या सुरीला कधीच नको. ते विषारी आहे.