नवीन नोकरी लागलीय. ऑफिससाठी आणि एरवी घालायला कपडे कसे निवडावेत? रंग कसे जुळवावेत? चांगला ब्रँड कोणता?

साताऱ्यात नोकरीला लागलाय, पहिल्या पगारातून ऑफिसचे आणि लग्नकार्याला चालतील असे कपडे घ्यायचेत असं लिहिलंय तुम्ही. अभिनंदन. पण ब्रँडचं सगळ्यात शेवटी बघा. आधी खांदा बघा.

हे मी का सांगतेय, तर सांगलीत गणपती पेठेमागच्या बोळात माझ्या वडिलांचं, आप्पांचं, शिलाईचं दुकान होतं. लग्न होईपर्यंत तिथल्या शर्टांची काजं-बटणं मीच करत होते. पुरुषांचे कपडे कुठे बिघडतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमच्या ह्यांचा बढतीचा इंटरव्ह्यू होता, पुण्याला. माझे धाकटे दीर पुण्यातच असतात. त्यांनी मॉलमधल्या सेलमधून भावासाठी काळा ब्लेझर आणला. मोठ्या कंपनीचा, नंबर 42. का, तर ह्यांना शर्ट 42 लागतो. गडबड इथेच झाली. फॉर्मल शर्टवरचा 42 हा कॉलरचा आकडा असतो, सेंटिमीटरमध्ये. ब्लेझरवरचा 42 छातीचा असतो, इंचात. ह्यांची मान जाड, छाती जेमतेम 39. हा फरक दुकानातल्या पोरांनी सांगायला हवा, पण सेलच्या गर्दीत कोण सांगतंय?

दिवाळीला सगळे सांगलीत होते, म्हणून तो ब्लेझर आप्पांना दाखवायला नेला. आप्पांनी ह्यांना आरशापुढे उभं केलंच नाही. ते पाठीमागे गेले आणि दोन्ही खांद्यांची टोकं अंगठ्यानं दाबली. टोकं आत गेली. म्हणाले, "इथं हाड नाही, नुसतं पॅड आहे." बाहीची शिवण हाडावर बसायची, ती बोटभर खाली उतरली होती. त्यामुळे दंडावर खळगा पडत होता, आणि हात पुढे केला की कॉलर मानेपासून सुटत होती. कमर आत घेता येते, बाही आखूड करता येते. खांदा कमी करायचा म्हणजे दोन्ही बाह्या उसवा, पॅड काढा, मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, नव्यानं कापा आणि बाही परत बसवा. एवढा खर्च करून शेवटी तो ब्लेझर धड दिसेलच असं नाही. आप्पांनी सरळ सांगितलं, "ह्याला मी कात्री लावणार नाही."

मग पँटचा विषय निघाला. भाऊजी म्हणाले, दादाकडं काळी पँट आहेच, ती चालेल. आप्पांनी दोन्ही कपडे उचलले आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात धरले. आत ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसणारे काळे बाहेर आल्यावर वेगळे दिसले, एक निळसर मारत होता, एक तांबूस. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे काळे कधीही जुळवायला जाऊ नका. एकतर एकाच ताग्यातलं, म्हणजे एकाच गुंडाळीतलं, कापड घ्या, नाहीतर लांबूनही कळेल इतका रंग वेगळा ठेवा. आणि दुकानात काही घ्याल तर ते दारापर्यंत नेऊन उजेडात बघा. लाज वाटून घेऊ नका.

एवढं झाल्यावर भाऊजी आप्पांच्या तोंडावर म्हणाले, "वहिनी, हा कंपनीचा माल आहे. मामांना आताची फॅशन कळत नाही."

आप्पा काही बोलले नाहीत. मापांची वही काढली, ह्यांचं माप परत घेतलं आणि पांढरा शर्ट आणि गडद राखाडी पँट शिवून दिली. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच कापलं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच कापड आत सोडलं. ह्यांचं पोट सुटलं तशी ती पँट उसवून सैल केली आणि अजून वापरात आहे. रेडिमेड पँटीत आत एवढं कापड क्वचितच असतं.

बढती मिळाली. ती ह्यांच्या अभ्यासानं मिळाली, कपड्यांनी मिळाली असं मी म्हणणार नाही. पण दिवसभर त्यांना कॉलर ओढत बसावं लागलं नाही, हे खरं. आणि तो ब्लेझर भाऊजींनीच नेला. त्यांची छाती 42. त्यांच्या अंगावर तो सुरेख बसतो, लग्नकार्यात तोच घालतात. म्हणजे माल चांगलाच होता! तरी दरवर्षी फराळाला बसलं की "ब्रँडेड ते ब्रँडेड" सुरू होतं. भाऊजी, वाचत असाल तर सांगते: आप्पांनी तुमच्या कंपनीला नावं ठेवली नव्हती. नंबर चुकला होता, आणि तो त्यांनी हात लावून ओळखला होता.

आता तुमचे रंग. गडद राखाडी, नेव्ही आणि बेज अशा तीन पँटी, आणि पांढरे, फिकट निळे शर्ट. यातलं काहीही कशावरही चालतं. ऑफिसात शर्टपेक्षा पँट गडद ठेवा, एखादी बेज अपवाद. चौकडा एकाच कपड्यावर, दुसरा प्लेन. पट्टा आणि बूट एका रंगाचे, मोजे पँटच्या रंगाचे. नेव्हीवर तपकिरी बूट फार छान दिसतात. लग्नाला कुर्ता घालणार असाल तर त्याखाली स्पोर्ट्स शूज नकोत, कोल्हापुरी घाला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्या जिल्ह्यांत तुमचा साताराही आहे आणि आमची सांगलीही. उन्हाळ्यात पॉलिस्टर टाळा, घाम जिरत नाही. लिनन थंड असतं, पण खुर्चीत बसलात की चुरगळलंच, तेव्हा मीटिंगच्या दिवशी नको.

हेही सांगायला हवं की टी-शर्ट आणि जीन्स मी कुणालाच शिवून घ्यायला सांगणार नाही, ते रेडिमेडच बरे. तुमचं अंग रेडिमेडच्या मापात नीट बसत असेल तर शर्टही खुशाल तयार घ्या, फक्त खांद्याची शिवण हाडावर आणि कफ मनगटाच्या हाडाशी येतोय ना ते बघा. ब्लेझर शिवून घेणं महाग पडतं. आणि चांगला टेलर मिळणं अवघड झालंय. आमच्याकडे 2019 च्या पुरात पेठेतल्या दुकानांत पाणी शिरलं, त्यानंतर आप्पांनीही दुकान उघडलं नाही. साताऱ्यात शोधाल तेव्हा आधी एकच साधी पँट शिवायला टाका. ट्रायलला गेलात की ती घालून बसून बघा, नुसतं उभं राहून बघू नका. मांडीवर ओढ बसत नसेल तरच पुढचं कापड द्या.

कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. 58 इंच पन्ह्यात फुल शर्टाला साधारण 1.60 मीटर लागतं, 36 इंचात सव्वादोन ते अडीच. पँटला 58 इंचात 1.20 मीटरचे पीस मिळतात. उंच असाल तर 1.30 च घ्या, नाहीतर टेलरला आत सोडायला कापड उरत नाही.