जुनी रोड सायकल जुळवायची तर सुरुवात कुठून? आट्यांपासून!

तुम्ही विचारलंय की सत्तरच्या दशकातली रेनॉल्ड्स ५३१ ची (त्या ब्रिटिश कंपनीच्या पोलादी नळ्यांची) नुसती फ्रेम मिळाली आहे, त्यावर त्याच काळातले पार्ट गोळा करून रोड सायकल उभी करायची आहे, तर सुरुवात कशानं करावी आणि सगळे पार्ट एकाच सालचे हवेत का. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय, "फ्रेम रेनॉल्ड्सची आहे म्हणजे ब्रिटिशच असणार, त्यामुळे साइझचा प्रश्न नाही."

खरं तर मी इथे फक्त वाचायला येतो. पण हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण अगदी हेच वाक्य मी एकदा मोठ्या तोऱ्यात दादाला ऐकवलं होतं आणि ते त्यानं आजतागायत मला विसरू दिलेलं नाही.

तर सुरुवात बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा एक्सल फ्रेममध्ये जिथे फिरतो तिथल्या, आट्यांपासून. डिरेलर (गिअर बदलणारा पार्ट) नाही, चाकं नाही, रंग तर अजिबातच नाही. आधी आटे.

माझं काय झालं ते ऐका. मी उलटीकडून सुरुवात केली होती. फ्रेम हातात नसताना चार वर्षं नुसते पार्ट जमवले, आणि तेही डोक्यात १९७२ हे एकच साल घेऊन. इटलीच्या कॅम्पाग्नोलोचा न्युओव्हो रेकॉर्ड डिरेलर घेतला तो वरच्या भागावर 'पेटंट ७२' असा ठसा बघूनच. हे मॉडेल १९६७ ला आलं आणि ऐंशीच्या दशकातही बनत होतं, त्यामुळे ठसा बघितल्याशिवाय साल कळत नाही. हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) एक्सलवरच्या लॉकनटवर पण साल असतं, तेही भिंग लावून बघितलं, ७२. सिनेली स्टेम, म्हणजे हँडल धरून फ्रेममध्ये उतरणारा तुकडा, सिनेली हँडल (त्याचं मधलं माप २६.४ मिमी, दुसऱ्या कंपनीचा स्टेम आणाल तर बसणार नाही, हे पण लक्षात ठेवा). सगळं पॉलिश करून, कापडात गुंडाळून, वर चिठ्ठ्या लावून ठेवलेलं. दादा लेथवर आयुष्य काढलेला माणूस, त्याच्या लेखी सायकल म्हणजे चार-सहा फिरते जॉब. तो म्हणायचा, "नवरी नाही आणि दागिने घडवतोयस." मी हसून सोडून द्यायचो.

मग फ्रेम मिळाली. कोणीतरी मध्ये रंगवलेली, कंपनीचं नाव गेलेलं, फक्त सीट ट्यूबवर ५३१ चा स्टिकर शिल्लक. लग (नळ्या जोडणारे सांधे) नर्व्हेक्सचे, त्यांची ती वेलबुट्टीसारखी कड बघूनच मी विरघळलो. रेनॉल्ड्स बर्मिंगहॅमची, ५३१ त्यांनी १९३५ ला आणलं, म्हणजे फ्रेम ब्रिटिश, माझा हिशेब दोन मिनिटांत झाला. अहो, फ्रेंच प्यूजोची पीएक्स-१० सायकल पण ५३१ चीच होती की, आणि नर्व्हेक्सचे लग तर मुळातच फ्रेंच, ते ब्रिटिशांनीही वापरले एवढंच. म्हणजे माझ्याकडच्या दोन पुराव्यांपैकी एक काहीच सिद्ध करत नव्हता आणि दुसरा उलट बाजूनं बोलत होता.

सीटपोस्ट (सीटखालची दांडी) २७.२ मिमीचा आणला होता, आत जाईना. म्हटलं, ट्यूबचं तोंड दबलं असेल. स्टेम आत जाईना. म्हटलं, रंग आत उतरला असेल, आणि संध्याकाळभर बसून स्टेमची दांडी सँडपेपरनं घासली. हो, सिनेलीचा स्टेम, घासला मी, करा काय करायचं ते. पुढच्या डिरेलरची क्लॅम्प पूर्ण आवळली तरी नळीवर गोल फिरायची, तर कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून आतून लावली. तीन पार्ट बसत नाहीत म्हटल्यावर शेंबड्या पोराला पण शंका आली असती. मला नाही आली, कारण चिठ्ठ्या सगळ्या बरोबर होत्या ना!

शेवटी बॉटम ब्रॅकेट. इंग्लिश मापात उजव्या कपाचे (एक्सलचे छर्रे ज्यात बसतात त्या वाटीचे) आटे उलटे असतात, हे तुम्हाला माहीत असेलच, घड्याळाच्या उलट फिरवून आवळायचा. फिरवतोय, फिरवतोय, पकडत नाही. तेल सोडलं. मग पान्याला पाइप लावला. कर्र आवाज झाला आणि कप दीड फेरा आत गेला, मी खूश! तेवढ्यात दादा आला. तो काही बोलला नाही, खाली वाकला आणि फरशीवरचा भुगा बोटावर घेतला. बारीक, चकचकीत, केसासारखे वळलेले तुकडे होते. "हा कशाचा?" मी म्हटलं, गंज निघतोय. "गंज चकाकतो का रे?"

मग त्यानं खिशातून व्हर्नियर काढला (हा माणूस लग्नाला पण व्हर्नियर घेऊन जाईल), सीट ट्यूबवरचा रंग नखाएवढा खरवडला आणि माप घेतलं. अठ्ठावीस पूर्ण. "इंग्लिश नळी किती असते?" अठ्ठावीस पॉइंट सहा. "मग?" मी गप्प. मग डाव्या बाजूच्या चांगल्या आट्यांत पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायची दातेरी पानं) धरला, एक मिलिमीटरचं पान असं बसलं की मधून उजेडाची रेघ दिसेना. फ्रेम फ्रेंच. म्हणून सीटपोस्ट २६.४ चा लागणार होता, म्हणून स्टेम २२.२ ऐवजी २२.० चा, म्हणून क्लॅम्प सैल. सगळं एका क्षणात कळलं आणि त्या वेळी जे तोंड झालं होतं माझं, त्याची दादा अजून नक्कल करतो.

तुमच्या उपयोगाचं एवढंच घ्या. इंग्लिश आटे १.३७ इंच, म्हणजे ३४.८ मिमी, आणि इंचाला २४. फ्रेंच ३५ मिमी आणि पिच बरोब्बर १ मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, व्हर्नियरलाही आतून नीट पकडता येत नाहीत, पिच गेज लागतोच. इटालियन ३६ मिमी, इंचाला २४, आणि शेल (बॉटम ब्रॅकेटची आडवी नळी) ७० रुंद, बाकीचे ६८. फ्रेंच आणि इटालियनमध्ये दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. स्विस म्हणून एक प्रकार आहे, माप फ्रेंचचं पण उजवी बाजू उलटी, तो भेटला तर देव तुमचं भलं करो. जुना कप फ्रेममध्ये असेल तर काढायच्या आधी त्याची कड घासून वाचा, बऱ्याचदा माप कोरलेलं असतं.

आता खरा वाद. आटे मी खाल्ले होतेच, निदान उजवीकडचे पहिले दोन. दादा म्हणाला, "आण इकडे, रीमर फिरवून भोक मोठं करतो, छत्तीसचे आटे पाडायचा टॅप मारतो, फ्रेम इटालियन होईल, तुझे पार्ट तरी कुठे फ्रेंच आहेत?" मी नाही म्हटलं. यावर आमच्यात जे झालं ते तीन आठवडे चाललं, फोनवर, घरात, एकदा तर आई मध्ये पडली. त्याचं म्हणणं की दुरुस्ती ती दुरुस्ती, आतलं कोणाला दिसतंय. माझं म्हणणं आजही तेच आहे आणि ते इथे लिहून ठेवतो म्हणजे रेकॉर्डवर राहील: छत्तीस ही शेवटची पायरी आहे, त्याच्यापुढचं प्रचलित माप नाही. आज तुम्ही सोय म्हणून ती वापरलीत आणि पुढे कधी ते आटे गेले तर फ्रेमला आट्यांचा उपाय उरत नाही. दोन आटे खराब झाले म्हणून राखीव ठेवायचा उपाय खर्च करायचा नसतो, दादा!

मी सात महिने थांबलो. कॅम्पाग्नोलोनं त्याच रेकॉर्डचे कप फ्रेंच आट्यांत पण काढले होते, ३५ बाय १, ते मिळाले. माझा एक्सल ६८ चा होता, फ्रेंच शेलही ६८ च, तोच चालला. बिघडलेले आटे ३५ च्या टॅपनं साफ केले. टॅप दादानंच मारला, आणि हे तो येईल त्या पाहुण्याला सांगतो. फ्रेंचमध्ये उजवा कप सुलट्या आट्यांचा असल्यामुळे पेडल मारून मारून सुटायची सवय असते, तेव्हा तो जीव खाऊन आवळावा लागतो. दादा म्हणत होता सुटेल. सुटला. एकदाच सुटला.

राहिला सालाचा प्रश्न. स्पष्ट सांगतो, साल जुळवणं हा आजार आहे आणि मला तो झाला होता. सायकल चालवणारा माणूस तेव्हाही तुटलं की बदलायचा, ऐपत आली की चांगलं लावायचा. ७१ च्या फ्रेमवर ७६ चा डिरेलर म्हणजे ती सायकल वापरात होती याचा पुरावा. दादाचा दुसरा टोमणा असतो की फ्रेंच फ्रेमवर इटालियन सामान लावलंस आणि वर शुद्धतेच्या गप्पा. अरे, फ्रेंच सिम्प्लेक्सचा प्रेस्टीज डिरेलर डेलरिनचा, म्हणजे प्लास्टिकचाच, तो जुना झाला की तडकतो. काढून कॅम्पाग्नोलो लावला तर बिघडलं काय? इटलीतली एल'एरोइका १९९७ पासून चालू आहे, जुन्या सायकलींची राइड, तिथेसुद्धा नियम एवढाच की सायकल १९८७ च्या आधीची हवी, गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर, पेडलला क्लिप आणि पट्टा, ब्रेकच्या केबल हँडलवरून बाहेर. तिथे लॉकनट कोणी वाचत नाही. एका दशकातले पार्ट असले की पुरे. केबल, चेन, ब्रेकचे रबर, छर्रे हे नवेच टाका, यात भावनिक होऊ नका.

हां, आणि हे आधी लिहायला हवं होतं. जुना क्रँक (पेडलची दांडी) लावायच्या आधी दांडी जिथे दातेरी चकती धरणाऱ्या पंजाला मिळते तो कोपरा पुसून, उजेडात धरून बघा, नख अडकेल अशी रेघ दिसली तर तो भिंतीवर, सायकलवर नाही. कॅम्पाग्नोलोचे त्या काळातले क्रँक तिथेच तडकतात. माझा घासलेला स्टेमही भिंतीवरच आहे, घासलेल्या ॲल्युमिनियमवर उतारावर कोण भरवसा ठेवणार. क्रँक स्ट्राँगलाइटचा असेल तर तो काढायला नेहमीचा २२ चा पुलर लावू नका, त्याला २३.३५ चा लागतो, नाहीतर क्रँकचे आटे पण जातील. फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याचे) आटेही देशागणिक वेगळे असतात, हबशी जुळवून घ्या. फ्रेम २७ इंची चाकांची असेल आणि तुम्ही ७०० सी मापाची, किंचित लहान चाकं लावणार असाल तर ब्रेकचे शू ४ मिमी खाली यावे लागतील, तेवढी जागा आहे का बघा. आणि तुमच्या फ्रेमचे आटे सगळेच्या सगळे गेलेले असतील तर मात्र छत्तीसचा टॅप मारून टाका. त्या केसमध्ये दादा बरोबर आहे. त्याच केसमध्ये.

परवा मागच्या हबचं ग्रीस बदलायला फ्रीव्हील काढलं. डावीकडचा लॉकनट ७२, तो तर मी सगळ्यांना दाखवून झालाय. फ्रीव्हीलच्या आड असलेला उजवीकडचा पुसला, तर त्यावर ७८. ग्रीस भरलं, फ्रीव्हील परत चढवलं. दादाला अजून बोललेलो नाही.