जॅमर असूनही ड्रोन पोचतो कसा?

प्रश्न : युक्रेनच्या आघाडीवर दोन्हीकडे जॅमर आहेत. तरी छोटे ड्रोन रणगाड्यापर्यंत येतातच. हे एआयमुळे का?

उत्तर : काही अंशी. जॅमर ड्रोन पाडत नाही. चालक आणि ड्रोन यांच्यातला रेडिओ संपर्क गोंगाटात बुडवतो. ड्रोन जमिनीलगत उतरला की संपर्क तसाही क्षीण होतो आणि ऐन शेवटच्या टप्प्यात चालकाच्या पडद्यावरचे कॅमेऱ्याचे चित्र जाते. म्हणून काही ड्रोनमध्ये छोटा संगणक बसवतात. चालक पडद्यावर लक्ष्य निवडतो, पुढचे काहीशे मीटर संगणक चित्रातले तेच लक्ष्य धरून ड्रोन उडवतो. धूर, झाडी किंवा जाळी आडवी आली की पकड सुटते. लाकडी रणगाडा त्याला खराच वाटू शकतो, त्यामुळे निवड माणसाकडेच राहिली पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

दुसरा उपाय एआयविनाच : 2024 पासून दिसू लागलेला ऑप्टिकल फायबर, म्हणजे चालक आणि ड्रोन यांच्यात संदेश वाहणारा काचेचा बारीक तंतू. 10 किलोमीटर किंवा त्याहून लांब तंतूचे रीळ ड्रोनवरच असते. तंतू मागे सुटत जातो, ओढला जात नाही, म्हणून सहसा तुटत नाही. जॅम करायला रेडिओ लहरच नसते. मात्र रिळाच्या वजनाने स्फोटके कमी न्यावी लागतात, आणि तंतू फांदीत अडकून तुटला की ड्रोन गेलाच. अशा तंतूंची जाळी तिथल्या शेतांवर उन्हात चमकताना दिसते.